मद्यपाश : आदेश स्पष्ट आहे, उपचाराचे काय?

मद्य निषिद्ध आहे हे सांगण्यासाठी मुस्लिम वाचकाला लेखाची गरज नाही. मक्तबमध्ये जाणाऱ्या लहान मुलालाही ते ठाऊक असते. मात्र ज्या घरातील एखादा मुलगा, भाऊ किंवा पती या पाशात पूर्ण अडकला आहे, त्या घराने नेमके काय करावे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आदेश माहीत असणे वेगळे आणि आजाराची जाण असणे वेगळे. पहिली गोष्ट आपल्यापाशी आहे, दुसरी नाही. त्यामुळे आपल्या मोहल्ल्यांतील कित्येक तरुण उपचाराविना संपतात आणि त्यांच्या मृत्यूचे खरे कारण जनाजाच्या वेळीही कुणी उच्चारत नाही. या पाठात आपण आदेश आणि आजार या दोन्ही बाजू एकत्र अभ्यासणार आहोत.

आदेशाचा क्रम

अज्ञानकाळातील अरब समाजात मद्य हा दैनंदिन जीवनाचा भाग होता. अशा समाजाला पवित्र कुरआनने टप्प्याटप्प्याने घडविले. प्रथम खजूर व द्राक्षांपासून मनुष्य मादक पेयही बनवितो आणि उत्तम अन्नही, असा उल्लेख आला (16:67) आणि उत्तम अन्नाचा उल्लेख मादक पेयापासून वेगळा केला गेला. पुढे मद्य व जुगार यांत मोठे पाप आहे, लोकांना काही लाभही आहे, परंतु पाप लाभापेक्षा मोठे आहे, असे सांगण्यात आले (2:219). त्यानंतर नशेच्या अवस्थेत, आपण काय बोलतो हे उमगेपर्यंत, नमाजजवळ जाण्यास मनाई झाली (4:43). दिवसातून पाच वेळा शुद्धीवर असणे बंधनकारक झाल्यावर पिण्यासाठी मोकळा असा फारसा वेळच उरला नाही. अखेरीस सूरह अल-माइदामध्ये मद्य व जुगार यांना अपवित्र आणि सैतानी कृत्य ठरवून त्यांपासून दूर राहण्याचा अंतिम आदेश आला (5:90-91). मद्याद्वारे सैतान तुमच्यात वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो, असे कारणही तेथे दिले आहे. हे ऐकताच मदीनावासीयांनी हातातील प्याले खाली ठेवले आणि गल्ल्यांतून मद्य वाहिले, असे माननीय अनस (रजि.) यांच्या कथनातून कळते.

माननीय आयेशा (रजि.) यांच्या कथनाचा आशय असा की, प्रारंभीच मद्य सोडा असा आदेश आला असता, तर लोकांनी आम्ही ते कधीच सोडणार नाही असे म्हटले असते. आधी मनात ईमान रुजले, मग आदेश उतरला. मनुष्याची सवय किती खोल असते, याची दखल खुद्द ईश्वरी मार्गदर्शनाने घेतली, ही बाब व्यसनी माणसाकडे पाहताना ध्यानात ठेवावी. मात्र क्रम पूर्ण झाल्यानंतर आदेश अंतिम आहे. प्रत्येक मादक वस्तू मद्याच्याच सदरात मोडते, आणि जी अधिक प्रमाणात नशा आणते तिचा थोडा अंशही निषिद्ध आहे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. त्यामुळे 'बिअर म्हणजे दारू नव्हे' किंवा 'मी मर्यादेत घेतो' या सबबींना जागा उरत नाही.

अरबीतील 'खम्र' या शब्दाच्या मुळाशी झाकणे हा अर्थ आहे. डोके झाकणाऱ्या 'खिमार'चे मूळही तेच. माननीय उमर (रजि.) यांनी बुद्धीला झाकून टाकते ते मद्य, अशी व्याख्या केली. शरीअतला जीव, बुद्धी, धर्म, वंश आणि संपत्ती या पाच गोष्टींचे रक्षण अभिप्रेत आहे, असे विद्वान सांगतात. मद्य या पाचही गोष्टींवर घाला घालते.

शरीरात काय घडते?

मद्यातील मादक द्रव्य म्हणजे इथेनॉल. ते पोटातून व आतड्यातून रक्तात उतरते आणि मेंदूसह सर्व अवयवांपर्यंत पोहोचते. त्याचे विघटन मुख्यतः यकृतात होते व त्या प्रक्रियेत ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या यकृतात प्रथम चरबी साठते. या टप्प्यावर बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही आणि पिणे थांबविले तर यकृत पूर्ववत होऊ शकते. पुढे यकृताला सूज येते, कावीळ दिसू लागते. त्यानंतर यकृताच्या निरोगी पेशींच्या जागी कठीण व्रण तयार होतात. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. मग पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी होणे, शुद्ध हरपणे हे प्रकार सुरू होतात.

हानी यकृतापुरती थांबत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन असह्य पोटदुखी होते, रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हातापायांच्या नसा बधिर होतात. ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावामुळे स्मरणशक्तीवर कायमचा आघात होऊ शकतो. गर्भवती स्त्रीने मद्य घेतल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्यपेयांचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे. याच संघटनेने 2023 मध्ये, आरोग्यासाठी मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जाहीर केले. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 26 लाख मृत्यू मद्यामुळे झाले, असा तिचा अंदाज आहे.

एका सहाबींनी औषधासाठी मद्य बनविण्याची अनुमती विचारली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते औषध नसून रोग आहे, असे उत्तर दिल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. रात्री थोडी घेतल्याने झोप लागते, थंडीत ऊब येते, हृदयाला बरे असते, असे म्हणणाऱ्यांनी या उत्तराचा विचार करावा.

सवय आजार केव्हा बनते?

मेंदूमध्ये उत्तेजन देणारी आणि शांत करणारी अशा दोन यंत्रणांचा तोल असतो. गाडीतील ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्याशी त्यांची तुलना करता येईल. मद्य ब्रेक दाबते. रोज ब्रेक दाबला जाऊ लागला की मेंदू तोल राखण्यासाठी ॲक्सिलरेटर वाढवितो. मग पूर्वीइतक्या मद्याने परिणाम होईनासा होतो व मात्रा वाढत जाते. त्याच वेळी सुखाची जाणीव देणारी यंत्रणा मद्याशी जोडली जाते. पत्नी, मुले, व्यवसाय, नमाज यांतून मिळणारे समाधान फिके पडते. एका मर्यादेनंतर मनुष्य आनंदासाठी पीत नाही, थरथर थांबावी म्हणून पितो.

वैद्यकशास्त्र यासाठी सहा लक्षणे पाहते. पिण्याची अनावर ओढ. सुरुवात केल्यावर थांबता न येणे. न प्यायल्यास शारीरिक त्रास होणे. तेवढ्याच परिणामासाठी अधिक मद्य लागणे. इतर सर्व गोष्टींतील रस संपणे. आणि नुकसान दिसत असूनही पिणे चालू राहणे. मागील वर्षभरात यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे एकत्र दिसली असतील, तर तो मद्यपाशाचा आजार मानला जातो. आपल्या घरातील ज्या व्यक्तीची चिंता वाटते, तिला मनात ठेवून ही यादी पुन्हा एकदा वाचावी.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा आजार असेल, तर त्याचे पाप कसे? आणि पाप असेल, तर त्यावर औषध कसले? या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. पहिला प्याला मनुष्याने स्वतःच्या इच्छेने उचलला, त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. पुढे त्याचा ताबा सुटला तरी मदत मागण्याची शक्ती त्याच्यात शिल्लक असते आणि ती वापरण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. तौबा म्हणजे केवळ तोंडाने क्षमायाचना नव्हे. पश्चात्ताप करणे, कृत्य सोडणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे हे तिचे घटक आहेत. ज्याला एकट्याने कृत्य सोडता येत नाही, त्याच्यासाठी रुग्णालयाची पायरी चढणे हा तौबेचाच भाग आहे. अल्लाहने उपायाविना कोणताही रोग उतरविलेला नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथेही लागू होते.

एकाएकी थांबविल्यावर

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एका दिवसात पिणे थांबविले की मद्याचा ब्रेक निघून जातो आणि वाढलेला ॲक्सिलरेटर तसाच राहतो. साधारण 6 ते 12 तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छातीत धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना तीव्र भ्रम होतो : नसलेली माणसे, किडे, प्राणी दिसतात, आवाज ऐकू येतात, दिवस-रात्र ओळखता येत नाही, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यू ओढवू शकतो.

आपल्या समाजात हे संकट विशेषतः रमजानमध्ये उद्भवू शकते. वर्षभर पिणारा मनुष्य पवित्र महिन्याचा मान राखून पहिल्या रोजापासून हात आखडतो. त्याचा हेतू उत्तम असतो. परंतु तिसऱ्या रात्री तो भिंतीकडे पाहून ओरडू लागतो आणि घरचे म्हणतात, याला आसेब झाला, जिन्न लागला. मग आमिलाकडे नेले जाते, धागे-तावीज बांधले जातात, प्रसंगी मारहाणही होते आणि ज्या तासांत त्याला औषध हवे होते ते तास वाया जातात. वाचकहो, नियमित पिणाऱ्या माणसाने पिणे थांबविल्यावर असे काही दिसले, तर विलंब न करता त्याला रुग्णालयात न्यावे. कुरआनची तिलावत आणि दुआ अवश्य करावी, ती रुग्णवाहिकेत बसूनही करता येते.

'मग त्याने पीतच राहावे काय?' असे कुणी विचारील. नाही. मद्य आज सोडायचे आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेंदूला शांत ठेवणाऱ्या ठरावीक गोळ्या काही दिवस देऊन त्यांची मात्रा कमी करत नेतात, ब-1 जीवनसत्त्व देतात, फिट येऊ नये याची काळजी घेतात. या गोळ्या नशेसाठी घेतल्या जात नाहीत, जीव वाचविण्यासाठी दिल्या जातात. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, हा कुरआनचा आदेश आहे (2:195). आणि डॉक्टरांनी त्या दिवसांत रोजे ठेवण्यास मनाई केली, तर आजारी व्यक्तीने ती संख्या नंतर पूर्ण करावी, अशी सवलत अल्लाहनेच दिली आहे (2:185).

आणखी एक सावधगिरी. मद्य प्यायल्यास तीव्र त्रास व्हावा, यासाठी दिले जाणारे औषध काही घरांत रुग्णाला न सांगता चहात किंवा जेवणात मिसळतात. असे कदापि करू नये. त्यावर मद्य घेतल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

पुण्याचे उदाहरण

पुण्याच्या शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तझाबाद. याच पेठेत पुढे शनिवारवाडा उभा राहिला. येथून नदीपलीकडे, रिक्षाने फार लांब नसलेल्या अंतरावर, येरवडा आहे आणि तेथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी ते सुरू केले. पुण्यातील तरुण गर्दच्या विळख्यात सापडत असल्याचे अवचटांच्या लेखनातून समाजासमोर आले होते. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी या कामासाठी आर्थिक साहाय्य दिले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्राला जागा मिळाली. पुढे मद्यपाशात अडकलेले रुग्ण तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले. 1997 मध्ये डॉ. अनिता अवचट यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेले.

तेथील निवासी उपचार सुमारे 35 दिवसांचा असतो. प्रथम शरीरातून मद्य उतरविणे, मग समुपदेशन, गटचर्चा, व्यायाम, कामाची शिस्त आणि कुटुंबीयांशी संवाद, असा त्याचा क्रम आहे. बरे झालेले अनेक जण तेथेच कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांना आधार देतात. कारण नुकत्याच आलेल्या, लाजेने मान खाली घातलेल्या माणसाला 'मीही येथेच होतो' असे म्हणणारा जितका धीर देतो, तितका कोणताही उपदेशक देऊ शकत नाही. याच तत्त्वावर 1935 मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिच्या निःशुल्क सभा आज पुण्यातही होतात.

सोय जवळ आहे, तरी माणसे तेथे पोहोचत नाहीत. केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक मद्य पितात आणि साधारण 5 कोटी 70 लाख लोकांना त्यासंबंधी मदतीची गरज आहे. मात्र मद्यपाशाच्या 38 रुग्णांपैकी जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला. ज्या समाजात पिणे हे पापही आहे आणि बदनामीही, तेथे उपचाराकडे जाणारी वाट अधिकच अवघड होते. मुलीच्या सोयरिकीवर परिणाम होईल, जमातमध्ये चर्चा होईल, या भीतीने घर दार लावून घेते. दोष झाकणे हा सद्गुण आहे, पण दोष झाकता झाकता जीव गमावणे हा सद्गुण नव्हे. लोकांपासून दोष झाकावा, डॉक्टरांपासून रोग झाकू नये.

कुटुंबाने व मोहल्ल्याने काय करावे?

सहीह बुखारीमध्ये अब्दुल्लाह नावाच्या एका व्यक्तीचा प्रसंग आहे. ते विनोदी स्वभावाचे होते व प्रेषितांना (स.) हसवीत. मद्यपानासाठी त्यांना शिक्षा झाली होती. पुन्हा एकदा त्याच कारणासाठी आणले गेले, तेव्हा उपस्थितांपैकी एकाने त्यांना शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि ही व्यक्ती अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करते, अशी साक्ष दिली. अशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका, अशी ताकीद दिली. शिक्षा रद्द झाली नाही, कृत्य हलके ठरविले गेले नाही, तरीही त्या माणसासाठी समाजाचे दार बंद झाले नाही. व्यसनी माणसाशी कसे वागावे, याचा संपूर्ण पाठ या एका प्रसंगात सामावला आहे.

तफ्सीर इब्ने कसीरमध्ये असे कथन आहे की, शाममधील एक परिचित मद्याच्या आहारी गेल्याचे कळताच माननीय उमर (रजि.) यांनी त्याला पत्र पाठविले. पत्रात त्यांनी सूरह गाफिरच्या आरंभीच्या आयती लिहिल्या. त्यांत अल्लाह पापांची क्षमा करणारा, तौबा स्वीकारणारा आणि कठोर शिक्षा देणारा असल्याचे वर्णन आहे. सोबतच्यांनाही त्यांनी त्याच्यासाठी दुआ करण्यास सांगितले. तो मनुष्य पत्र वाचून रडला आणि मद्यापासून दूर झाला. खलीफाला एका व्यसनी माणसासाठी वेळ काढता आला, तर आपल्या मशिदीच्या विश्वस्तांनाही तो काढता यावा.

यावरून काही गोष्टी ठरविता येतात. तो प्यायलेला असताना वाद घालू नये, सकाळी शुद्धीवर असताना शांतपणे बोलावे. त्याने केलेली उधारी गुपचूप फेडू नये, त्याच्या वतीने कामावर खोटी कारणे कळवू नयेत. यामुळे व्यसनाला आधारच मिळतो. पत्नी व मुलांना मारहाण होत असेल, तर प्रथम त्यांची सुरक्षितता पाहावी. सब्रच्या नावाखाली स्त्रीला जुलूम सोसायला सांगणे हा धर्म नव्हे. पिणाऱ्याची नमाज चाळीस दिवस स्वीकारली जात नाही, हे ऐकून काहीजण नमाजच सोडतात. विद्वानांनी खुलासा केला आहे की, त्याचे पुण्य हिरावले जाते, कर्तव्य मात्र माफ होत नाही. आणि त्याच हदीसमध्ये तौबा करणाऱ्याची तौबा स्वीकारली जाते, असेही आले आहे. म्हणून शुद्धीवर असलेल्या माणसाला मशिदीच्या दारातून कुणी परत पाठवू नये.

मोहल्ला पातळीवरही कामे आहेत. जुम्याच्या खुत्ब्यात हरामच्या आदेशासोबत उपचाराची माहितीही द्यावी. केंद्र सरकारची 14446 ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन मशिदीच्या फलकावर लिहावी. गरीब रुग्णाच्या उपचारासाठी जकातीतून साहाय्य करण्याबाबत स्थानिक उलमांशी विचारविनिमय करावा. महाराष्ट्रात गावातील किंवा वॉर्डातील महिला मतदारांच्या मागणीवरून दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते, ज्याला लोक 'बाटली आडवी' म्हणतात. आपल्या भगिनींनी इतर समाजांच्या भगिनींसोबत या हक्काचा उपयोग करावा.

बरा झालेला मनुष्य पुन्हा एखाद्या वेळी घसरू शकतो. या आजारात असे घडते. त्या दिवशी 'शेवटी तू तसाच' असे म्हणू नये. त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. स्वतःवर अत्याचार केलेल्या दासांनी अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नये, ही कुरआनची हाक (39:53) पहिल्यांदा घसरलेल्यासाठी आहे तशी दहाव्यांदा घसरलेल्यासाठीही आहे. ज्याच्याविषयी अल्लाहने आशा सोडलेली नाही, त्याच्याविषयी आशा सोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

अल्लाह आपणा सर्वांना या विनाशक वस्तूपासून सुरक्षित ठेवो, जे तिच्यात अडकले आहेत त्यांना तौबा व आरोग्य दोन्ही प्रदान करो आणि त्यांच्या मदतीला धावण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.